हसनभाईंची कोरडी हवा

ओला रुमाल खिडकीबाहेर धरून मोटार हाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा बाहेर, त्या हातात पाण्यात बुडवून पिळलेला पांढरा रुमाल, आणि नजर रस्त्यावर कमी, मैलाच्या काट्यावर जास्त. रुमाल वाळला की हसनभाई तो गालाला लावून बघायचे आणि मला म्हणायचे, "अडीच मैल, सदू. खतात घाल." खत म्हणजे आमिनाभाभींना जाणारं पत्र. ते मीच लिहायचो. त्यामुळे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, जिथे पावसाळ्यात धोतर चार-चार दिवस वाळत नाही, तिथे एका आजारी बाईला दर पंधरा दिवसांनी कळायचं की कुवेतच्या वाळवंटात आज रुमाल किती मैलांत वाळला.

हसन होडेकर हे मूळचे होड्या रंगवणारे. मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळे काढायचे, कडेने वेलबुट्टी काढायची, तांडेलाला हवं ते नाव घालायचं, हा त्यांचा बापापासूनचा धंदा. गंमत म्हणजे त्यांना वाचता येत नसे. अक्षर ते काढायचे, वाचायचे नाहीत. मराठी, उर्दू, इंग्रजी, अरबी, कुठल्याही लिपीतलं नाव कागदावर लिहून द्या, हा गृहस्थ फळीवर असं उतरवणार की ज्याचं नाव तोही बघत राहील. मी एकदा त्यांना म्हटलं, हसनभाई, उद्या कुणी तुम्हाला शिवी लिहून दिली तर? त्यावर ते म्हणाले, शिवी असली तरी वेलांटी बरोबर येईल.

मी एका इंग्रज ठेकेदार कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट होतो. तेव्हा कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा, आणि आज जिथे सालमियाचे फ्लॅट उभे आहेत तिथे एक खेडं होतं. मला काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग देण्याचा नाद होता. हसनभाई चित्रं काढायचे. हिवाळा सुरू झाला की दक्षिणेकडच्या तेलाच्या छावण्यांतून इंग्रजांचे मेळे भरायचे: नाताळचा बाजार, फुलांचं प्रदर्शन, वसंतातली जत्रा, उत्तरेला पार बसऱ्यापर्यंत. त्यात एक घडीचं टेबल मांडून आम्ही दोघे कलावंत बसायचो. कलावंत हा शब्द हसनभाईंना फार आवडे. मला तेव्हाही तो आमच्या अंगाला जरा मोठाच होत होता.

गाडी हसनभाईंची होती. लढाईतून उरलेली, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, दोन दारांपैकी एक दोरीने बांधलेलं. चित्रं टपावर आणि आम्ही आत. शुक्रवारी पहाटे निघायचं आणि वाटेत हसनभाईंना वाटेल तिथे थांबायचं. त्यांना पुष्कळदा वाटे. पाऊस होऊन गेला असेल तर फेब्रुवारीत त्या वाळूवर अशी काही पिवळी फुलं पसरायची की खोटीच वाटावीत. जहरा ओलांडून मुतलाच्या चढावर आलं की मागे उपसागराची निळी रेघ आणि पुढे नुसतं सपाट. दक्षिणेला गेलं तर तेलविहिरींच्या जळत्या ज्वाळा भर उन्हातसुद्धा दिसत. मी म्हणायचो, काय देखावा आहे. हसनभाई खाली उतरून, छाती फुगवून, डोळे मिटून नुसता श्वास घ्यायचे. देखावा त्यांना दिसत नसे असं नाही, पण आधी ते हवा बघत.

कारण ते आलेच होते हवेसाठी. आमची बाकीची सगळी माणसं कुवेतला पैसे मिळवायला आली, हा एकच माणूस कोरड्या हवेसाठी आला. आमिनाभाभींना क्षय होता. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ह्यांना खाडीची दमट हवा मारते आहे, कोरड्या मुलखात घेऊन जा. डॉक्टरांच्या मनात मिरज असावी. पण हसनभाईंच्या मनात एका खलाशाने सांगितलेला मुलूख बसला होता, जिथे वर्षात चार दिवसही पाऊस पडत नाही. ते आधी एकटे आले, बायकोला मागून आणीन म्हणून. आल्यावर त्यांना कळलं की बायकोला असं कुणालाही आणता येत नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, सदू, बायको आणाया काय लागतं? मी म्हटलं, पक्की नोकरी लागते, कंपनीचं क्वार्टर लागतं.

हे खरं होतं आणि अर्धं होतं. कुटुंब आणण्याच्या परवानगीचा फॉर्म मीच टाइप करत असे. त्याच्या दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, येणाऱ्या बाईच्या छातीचा एक्स-रे मागितलेला असे. फुप्फुसावर डाग दिसला की अर्ज परत. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी बोललो नाही. तेव्हा वाटलं, ह्या निरक्षर रंगाऱ्याला पक्की नोकरी देणार कोण? जे घडणारच नाही त्याची तिसरी ओळ आत्ताच वाचून दाखवून एका माणसाची आशा कशाला मोडा? पुढे ओळख वाढली, आणि मग सांगणं आणखी अवघड झालं. आणि खरं सांगायचं तर, गाडी त्यांची होती. ते परत गेले असते तर माझे शुक्रवार खोलीतल्या खाटेवर गेले असते. हे मी स्वतःशी कबूल करायलाही पुष्कळ वर्षं घेतली.

चित्रांचं म्हणाल तर हसनभाई शिडाच्या कापडावर काढत आणि रंगात मुशी माशाचं तेल घालत. होडीचा रंग ज्या तेलात कालवतात तेच. जवसाचं तेल वापरा म्हणून मी शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणत, जवसाचं तेल कपाटात ठेवायच्या चित्राला. दर्यावर टिकतं ते हेच. आता ह्या चित्रांना दर्यावर कोण नेणार होतं? पण ऐकतील तर हसनभाई कसले. पहिल्याच नाताळच्या बाजारात, एका छावणीच्या हॉलमध्ये, आमच्या टेबलाभोवती गर्दी झाली ती मांजरांची. छावणीतली एकूण एक मांजरं आली. एक तर टेबलावर चढून एका गलबताचं सुकाणू चाटू लागलं. मेमसाहेबा नाकाला रुमाल लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसनभाई मात्र खूश. मांजरांना जिनसेची पारख असते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसरी अडचण उंटाची. गिऱ्हाइकांना उंट हवा असे आणि हसनभाई होड्या काढत. माझ्या आग्रहाखातर त्यांनी एकदा उंट काढला. त्याचं पोट होडीच्या तळासारखं, मान नाळेसारखी उचललेली आणि डोळा थेट मचव्यावरचा, काठाला तांबडी किनार असलेला. एका वयस्क साहेबाने तो उचलला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाला की हा प्राणी पोहत असावा. मी भाषांतर केलं. हसनभाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि साहेबाला खरं कळलं म्हणून त्याच्याशी हात मिळवला.

पहिला हिवाळा असा हसण्याखिदळण्यात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात गावाकडून येणारी पत्रं आखूड झाली. आमिनाभाभींची पत्रं त्यांचा भाचा लिहीत असे. आधी त्यात कोंबड्यांपासून शेजारच्या लग्नापर्यंत सगळं असे. मग नुसतं, मी बरी आहे, हवा कशी आहे तिकडची. मग भाच्याने स्वतःच्या मनाने खाली एक ओळ घातली: मामी आता उठून बसत नाही, तुम्ही लवकर काय ते करा. मी ती ओळ वाचली तेव्हा आम्ही फिंतास गावाच्या पुढे रस्त्याकडेला थांबलो होतो. हसनभाईंनी ती मला पुन्हा वाचायला लावली. मग गाडी सुरू केली. त्या दिवशी रुमाल बाहेर धरला तो वाळून कडक झाला तरी त्यांनी आत घेतला नाही.

त्यानंतर ते पछाडल्यासारखे झाले. आमच्याच कंपनीच्या छावणीत इंग्रज मुलांची एक लहान शाळा होती आणि तिच्या ड्रॉइंग मास्तरणीला मायदेशी परत जायचं होतं. शाळेचं बघणाऱ्या मेमसाहेब मेळ्यातून हसनभाईंना ओळखत. त्या बोलता बोलता म्हणाल्या की वसंताच्या जत्रेसाठी छावणीचं एक मोठं चित्र करून आणा, शाळेच्या हॉलमध्ये लावू, मग मास्तरकीचं बघता येईल. बघता येईल, एवढंच. हसनभाईंनी त्या दोन शब्दांवर सगळा जीव टांगला. पुरा महिना ते चित्र चाललं होतं. छावणीची पांढरी घरं, पुढे पिवळी फुलं, मागे तेलविहिरीची ज्वाळा. एकही होडी नाही. मी इतकं चांगलं चित्र त्यांच्या हातून आधी पाहिलं नव्हतं. ते रात्रंदिवस एकच बोलत, मार्चात नोकरी लागली तर एप्रिलात आमिना इथे, पावसाआधी. आणि मी? मी मान हलवत होतो.

जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही बसऱ्याहून येत होतो. तिथल्या मेळ्यात चित्र लोकांना दाखवून आणायचं, असा हसनभाईंचा हट्ट. निघताना त्यांनी ज्वाळेवर शेवटचा हात फिरवला आणि चित्र टपावर उताणं बांधलं, उघडंच. मी म्हटलं, ताडपत्री घालू. ते म्हणाले, ओल्या रंगावर कापड घालायचं नसतं, रंगाला वारा लागाया पायजे. ओला मचवा झाकला तर रंगाला फोड येतात, हे त्यांना त्यांच्या बापाने शिकवलं होतं, आणि खाडीवर ते खरंच होतं. इथे वारा वेगळा आहे, हे मला सुचलं, पण त्यांच्या धंद्यात मी काय बोलणार?

मुतला उतरून आलो आणि मागे वळून पाहिलं तर आभाळ तपकिरी झालं होतं. धुळीच्या वादळाला तिथले लोक तौझ म्हणतात. हसनभाईंनी गाडी थांबवली आणि टपावर चढले. ताडपत्री टाकली तर रंग पुसणार. म्हणून त्यांनी अंगातला कोट काढला आणि चित्राच्या वर, न टेकवता, दोन्ही हातांनी ताणून धरला. गुडघ्यांवर बसून. मी दुसरं टोक धरलं. अर्धा तास आम्ही तसे होतो. डोळे उघडता येत नव्हते, तोंडात वाळू करकरत होती. कोट फडफडत होता आणि वाळू सगळीकडून येत होती. वारा पडल्यावर हसनभाईंनी कोट बाजूला केला. मासा रव्यात घोळावा तसं चित्र वाळूत घोळलं होतं. मुशीच्या तेलाने एक कण सोडला नव्हता.

 तिथेच टपावर बसून त्यांनी मऊ ब्रशाने वाळू काढायला सुरुवात केली. वाळूबरोबर रंग येत होता. एक घर गेलं, दुसरं गेलं. मी म्हटलं, हसनभाई, राहू द्या. तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि ते रडले. पन्नाशीतला माणूस, भुवयांवर, दाढीत सगळी वाळू, आणि हुंदके देऊन रडत होता. माझ्या ओठांवर ती तिसरी ओळ आली होती. मी तेव्हाही ती गिळली. आता सगळं संपलंच आहे, आता सांगायची गरज उरली नाही, असं मला वाटलं, आणि मला सुटल्यासारखंही वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

जत्रेत मेमसाहेबांनी चित्र पाहिलं, चुकचुकल्या आणि पुढे गेल्या. आम्ही टेबल आवरणार, इतक्यात कळलं की जत्रेच्या पाट्या रंगवणारा माणूस आलाच नाही. हसनभाई उठले आणि पाट्या लिहायला बसले. हात रिकामा ठेवणं त्यांना जमत नसे. चहा, केक, नेमबाजी, एकेक पाटी होऊ लागली. भोवती मुलं जमली. एकाने कागदाच्या कपट्यावर आपलं नाव लिहून दिलं. हसनभाईंनी त्याला एक होडी काढून दिली आणि तिच्या नाळेवर ते नाव घातलं. मग रांगच लागली. मुलं आपापल्या नावाची होडी घेऊन पळत होती आणि आयांना दाखवत होती. हसनभाईंना एकाचंही नाव वाचता येत नव्हतं, पण एकही अक्षर चुकलं नाही. संध्याकाळी मेमसाहेब परत आल्या. त्यांनी मला सांगितलं की ह्यांना म्हणावं, पुढच्या शनिवारपासून शाळेत या. पक्की नोकरी. दोन खोल्यांचं क्वार्टर. हसनभाईंनी मला ते तीनदा सांगायला लावलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी थांबवली, वाळूत कोट अंथरला आणि शुक्राची, म्हणजे आभाराची, नमाज पढली. मी गाडीत बसून राहिलो. 

रविवारी ते कचेरीत फॉर्म घेऊन आले. इस्त्रीचा सदरा घालून. सकाळी मी मेमसाहेबांना गाठून विचारलं होतं, काही सवलत मिळेल का. त्या भल्या बाई होत्या, पण मुलांच्या छावणीत क्षयाचा रोगी नको, म्हणाल्या. मी फॉर्म यंत्रात घातला. नाव टाइप केलं, आमिना हसन होडेकर. गाव टाइप केलं. दुसऱ्या पानावर आलो आणि थांबलो.

"हसनभाई, ह्यात छातीचा एक्स-रे लागतो. क्षय असला तर परवानगी देत नाहीत."

 मग त्यांनी विचारलं की मेमसाहेबांना सांगून बघू या का. मी म्हटलं, सांगून झालं. त्यांनी विचारलं, हा नियम नवा निघाला काय? इथे मला खोटं बोलता आलं असतं. कसं कोण जाणे, नाही बोललो.

"जुना आहे."

"तुना कदी कळला?"

"आधीपासून माहीत होतं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हापासून."

ते रागावतील, ओरडतील, टेबल उलथतील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी यंत्रातून फॉर्म काढून घेतला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला. दरवाज्यापाशी जाऊन ते वळले.

"दोन हिवाळे झाले, सदू," ते म्हणाले. "दोन हिवाळे मी तिच्या उशाशी बसलो असतो."

शनिवारी ते शाळेत गेले नाहीत. शहरातल्या मुर्गाब भागातल्या ज्या खोलीत ते आमच्या कोकणी मंडळींबरोबर राहत, तिथे मी दोनदा गेलो. एकदा ते बाहेर गेले होते. दुसऱ्यांदा आत होते, पण बाहेर आले नाहीत. गाडी कुणाला तरी देऊन टाकली होती. मुंबईच्या बोटीचं तिकीट काढलं होतं. बोट गुरुवारी दुपारी होती, हे मला खोलीतल्या एकाने सांगितलं. पोचवायला जावं की नाही हे मला ठरवता येईना. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

गुरुवारी अकराच्या सुमारास कचेरीत तार आली. हसनभाईंची पत्रं माझ्या पत्त्यावर येत, तशी तारही माझ्याच पत्त्यावर आली. भाच्याने पाठवलेली. आमिनाभाभी बुधवारी पहाटे गेल्या होत्या.

मी कुणाला न सांगता कचेरीतून निघालो. टॅक्सी मिळाली ती वाटेत दोनदा बंद पडली. पूर्ण रस्ताभर मी एकच ठरवत होतो: एकदा लपवलं, आता लपवणार नाही. काय व्हायचं असेल ते होवो. त्यांना हवं असेल तर ते उतरतील, हवं असेल तर जातील, पण जे त्यांचं आहे ते त्यांच्या हातात देणार. तेव्हा मोठ्या बोटी लांब पाण्यात उभ्या राहत आणि उतारूंना लाँचमधून नेत. मी धक्क्यावर धावत पोचलो तेव्हा लाँच सुटली होती. फार लांब गेली नव्हती, माणसांची तोंडं ओळखू येत होती. हसनभाई मागच्या बाजूला पेटीवर बसले होते, धक्क्याकडे पाठ करून.

मी तार धरलेला हात वर केला आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण शेजारच्याने हसनभाईंना खांद्याला हात लावून दाखवलं आणि ते वळले. त्यांनी मला पाहिलं. धक्क्याच्या टोकाशी घामाघूम उभा असलेला, कागद हलवत रडणारा मी. थोडा वेळ ते नुसते बघत होते. मग पेटीवरून उठून उभे राहिले. उजवा हात छातीवर ठेवला, आणि तोच हात वर करून मला हलवून दाखवला, सावकाश, पुष्कळ वेळ. मी माफी मागायला धावत आलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती मला दिली होती, आणि ते हसत होते, घरी निघालेला माणूस हसतो तसे.

मी हात खाली घेतला.